ई-सायकलला स्टँड, कॅरिअर, मडगार्ड आणि दिवे कसे निवडावेत, कसे बसवावेत

दुकानातून घरी आलेली ई-सायकल बहुधा उघडीबोडकी असते. मागच्या चाकाच्या मध्यभागी मोटार, फ्रेमच्या तिरक्या दांड्यात बॅटरी, हँडलवर छोटा डिस्प्ले आणि पुढे पांढरा, मागे लाल असा एकेक परावर्तक, एवढ्यावर कारखान्याचे काम संपलेले असते. भाजीची पिशवी हँडलला अडकवली की ती पुढच्या चाकाला घासते, पहिल्याच पावसात शर्टाच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते, आणि भिंतीला टेकवलेली बावीस-तेवीस किलोंची सायकल कोणाचा कोपर लागला तरी आडवी होते. या अडचणींवर बाजारात हवे तेवढे जोडसाहित्य मिळते, पण त्यातील बरेचसे साध्या सायकलसाठी घडवलेले असते. साध्या सायकलला विजेच्या तारा नसतात, तिच्या मागच्या आसावर मोटारीचा पीळ येत नाही आणि तिच्या दांड्यातून रोज संध्याकाळी बॅटरी उपसावी लागत नाही. ई-सायकलसाठी वस्तू निवडताना म्हणूनच ती किती देखणी किंवा दणकट आहे यापेक्षा ती कोणत्या तारेवर दाबून बसेल, कोणत्या नटाखाली जाईल आणि कोणती जागा अडवेल, हे आधी पाहावे लागते.

या लेखात भारतात सर्रास मिळणारी सायकल गृहीत धरली आहे: मागच्या चाकात २५० वॉटची मोटार, ३६ व्होल्टची काढता येणारी बॅटरी, डिस्क ब्रेक आणि बहुधा पुढे सस्पेन्शन असलेला फोर्क. मी स्वतः अशाच सायकलवर पुण्यात वारजे ते शिवाजीनगर असा रोजचा प्रवास करतो, आणि खाली सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी मी स्वतः केल्या आहेत किंवा माझ्या सायकलवर होऊ दिल्या आहेत.

कायद्याचा एक मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, जिच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आहे आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग गाठताच किंवा पायडल मारणे थांबताच जिची मोटार बंद होते, अशी पायडल-साहाय्य सायकल मोटार वाहन मानली जात नाही. त्याच व्याख्येत योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल परावर्तक असण्याची अट आहे. कॅरिअर किंवा मडगार्ड बसवताना सीटखालचा लाल परावर्तक काढून खणात टाकून देण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तसे न करता तो कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर पुन्हा बसवला पाहिजे.

आधी मोजमाप, मग खरेदी

हातात टेप, एक जुना पाच मिलिमीटर जाडीचा बोल्ट आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन सायकलभोवती एक फेरी मारावी. हँडलचा व्यास मुठींजवळ साधारणपणे २२.२ मिलिमीटर आणि मध्यभागी ३१.८ किंवा २५.४ मिलिमीटर असतो. दिवा, घंटी किंवा फोनचा धारक यांपैकी काय कुठे बसेल हे यावरून ठरते. टायरच्या कडेवर २७.५ × २.१० असे काहीतरी छापलेले असते; त्यातील दुसरा आकडा ही टायरची इंचातील रुंदी, म्हणजे येथे सुमारे ५३ मिलिमीटर, आणि मडगार्ड त्याहून दहा-पंधरा मिलिमीटर तरी रुंद हवे. मागच्या आसाजवळ आणि सीटखालच्या दोन बारीक दांड्यांवर आट्यांची भोके आहेत का ते पाहावे व त्यांत पाच मिलिमीटरचा बोल्ट हाताने फिरवून बघावा. भोकात रंग साचला असेल तर बोल्ट अडतो; तेथे पान्याने जबरदस्ती केल्यास ॲल्युमिनिअमचे आटे गेलेच म्हणून समजावे. बोल्टाला थेंबभर तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करत गेल्यास रंग निघून येतो.

यानंतर तीन गोष्टी एकदा करून पाहाव्यात, आणि पुढे प्रत्येक वस्तू बसवल्यावरही पुन्हा कराव्यात. बॅटरी किल्लीने सोडवून पूर्ण बाहेर काढावी. ती वर उचलून निघते की बाजूला कलून निघते आणि तिला किती मोकळी जागा लागते, ते लक्षात ठेवावे. हँडल दोन्ही बाजूंना शेवटापर्यंत फिरवून कोणती तार ताणली जाते ते पाहावे. मागचे चाक काढायचे झाल्यास मोटारीची तार कुठून सुटते, तिचा जोड कुठे आहे आणि पाना कोणत्या बाजूने घालावा लागेल, हे शोधून त्याचे फोटो काढून ठेवावेत. नवी वस्तू बसवल्यावर या तिन्हींपैकी एकही गोष्ट अडत असेल, तर ती वस्तू कितीही चांगली असली तरी त्या सायकलसाठी ती चुकीची आहे.

हत्यारे फारशी लागत नाहीत. चार, पाच व सहा मिलिमीटरच्या ॲलन की, आठ व दहाचे पाने, वायसर, नायलॉनची कडी असलेले नट, थोडे ग्रीस, निळ्या रंगाचे आटे-बंधक द्रव्य (बोल्ट हादऱ्यांनी सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचे) आणि मूठभर केबल टाय एवढ्यात सर्व काम होते. नट-बोल्ट मात्र स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पुण्यात बोहरी आळीत ते सुटे मिळतात, आणि कॅरिअरच्या खोक्यातून आलेले बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात, हा माझा अनुभव आहे.

स्टँड आणि मोटारीची तार

सर्वांत आधी स्टँड बसवावा, कारण पुढची सर्व कामे करताना सायकल उभी राहणे आवश्यक असते. मोटार मागच्या चाकात असल्यामुळे आणि ओझेही मागेच येणार असल्यामुळे, पायडलच्या लगेच मागे बसणारा एका पायाचा जुना स्टँड येथे कमी पडतो. सायकल मागून झुकते आणि हलके झालेले पुढचे चाक आपोआप वळते. मागच्या चाकाजवळ, चेनला समांतर जाणाऱ्या आडव्या दांडीवर बसणारा स्टँड घ्यावा. त्या दांडीवर १८ मिलिमीटर अंतराची दोन भोके असलेली सपाट पट्टी असेल, तर थेट बोल्टाने बसणाराच स्टँड निवडावा, कारण त्याला दांडी आवळावी लागत नाही. जड सामान किंवा मूल न्यायचे असेल तर दोन पायांचा स्टँड बरा.

दांडी आवळून बसणारा स्टँड घेतल्यास बोट त्या दांडीच्या खालून आणि आतून फिरवावे. मोटारीची जाड काळी तार बहुतेक सायकलींवर याच दांडीला केबल टायने बांधलेली असते. माझ्या पहिल्या सायकलला एका कारागिराने पाच मिनिटांत स्टँड आवळून दिला आणि तो उत्तम बसला होता, कारण त्याच्या दोन पात्यांमध्ये ती तार चेपली गेली होती. त्या तारेत एकूण नऊ वाहिन्या असतात: मोटारीला वीज नेणाऱ्या तीन जाड, आणि मोटारीच्या आतील संवेदकांच्या सहा बारीक. जाड वाहिन्या तग धरून राहिल्या. बारीकपैकी एक तुटत-जुळत राहिली. परिणाम असा की, सायकल चौकात थांबून पुन्हा निघताना मोटार गचके देई, कधी नुसतीच गुरगुरे आणि डिस्प्लेवर बिघाडाचा आकडा येई, पण सपाट रस्त्यावर सारे सुरळीत. दोन आठवडे मी बॅटरीवर संशय घेत राहिलो. शेवटी स्टँड सोडल्यावर तारेच्या कातडीवर त्याच्या कडेचा अर्धचंद्र उमटलेला दिसला. तार मोटारीच्या आत गेलेली असल्यामुळे ती बदलण्यासाठी मोटार उघडावी लागली आणि शंभर-दोनशे रुपयांच्या स्टँडपायी त्याच्या कित्येक पट खर्च झाला.

तेव्हा स्टँडच्या पात्याच्या जागी तार येत असेल तर आधीचे केबल टाय कापून तार दांडीच्या वरच्या बाजूस घ्यावी, पण चेन आणि चाक या दोहोंपासून दूर. मगच स्टँड आवळावा. दांडीभोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळल्यास रंगही वाचतो व स्टँड सरकत नाही. उंची अशी ठेवावी की सायकल डावीकडे किंचित कललेली राहील. स्टँड लांब झाल्यास ती उजवीकडे पडते, आणि उजवीकडेच गिअरचा नाजूक भाग असतो.

मडगार्ड आणि कॅरिअर यांचा विचार एकत्रच करावा

मागचे मडगार्ड आणि कॅरिअर यांचे पाय अनेकदा एकाच भोकात येतात. आधी एक बसवून मग दुसऱ्याच्या वेळी सगळे सोडण्यापेक्षा दोन्ही एकदम आणावीत. एकाच बोल्टात दोन्ही घ्यायची झाल्यास कॅरिअरचा पाय फ्रेमला लागून आणि मडगार्डची तार त्याच्या बाहेर ठेवावी. ओझे फ्रेमपासून जितके दूर, तितका बोल्टावर वाक अधिक येतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो डोक्यापाशी तुटतो. बोल्ट यासाठी थोडा लांब लागेल. पण त्याचे टोक आतल्या बाजूला किती बाहेर येते ते चेन दात्यांच्या सर्वांत लहान चक्रावर आणून पाहावे. तेथे दोन मिलिमीटर जादा निघालेले टोकही चेनला घासते. डाव्या बाजूला तीच काळजी ब्रेकच्या डिस्कबाबत घ्यावी.

आसाजवळ भोकेच नसतील, तर एक मोह टाळायचा आहे. साध्या सायकलला कॅरिअरचा पाय मागच्या आसाच्या नटाखाली दाबून बसवतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. मोटारीच्या आसावर हे कधीही करू नये. मोटार चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने ती स्वतःच्या आसाला उलट दिशेने पिळत असते. तो पीळ पेलण्यासाठी आसाच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात, त्या फ्रेमच्या खाचेत अडकतात आणि त्यावर दात असलेला खास वायसर येतो. कॅरिअरची पट्टी मध्ये आल्यास तो वायसर खाचेतून बाहेर ढकलला जातो व नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. मग एखाद्या चढावर आस खाचेत फिरतो, त्याच्याभोवती मोटारीची तार गुंडाळून तुटते आणि चाक निखळण्याचाही धोका असतो. भोके नसल्यास खालच्या पायांसाठी रबर लावलेले इंग्रजी पी आकाराचे क्लॅम्प दांड्यांवर बसवावेत आणि वरच्या बाजूस सीटच्या दांड्याला आवळणारी, भोके असलेली कडी घ्यावी. ओझे त्या मानाने हलकेच ठेवावे.

कॅरिअर निवडताना त्यावर कोरलेली भारमर्यादा वाचावी. आयएसओ ११२४३ या मानकानुसार चाचणी झालेल्या कॅरिअरवर ती असतेच, आणि रोजच्या कामासाठी २५ किलोंचा पुरतो. फक्त सीटच्या दांड्याला आवळून हवेत तरंगणारे कॅरिअर नऊ-दहा किलोंपुरतेच असते. त्यावर डबा आणि रेनकोट ठेवावा, गव्हाचे दळण नव्हे, आणि मूल तर मुळीच नाही. डिस्क ब्रेकचा जबडा फ्रेमच्या बाहेर आलेला असेल, तर पाय बाहेरून वळवलेले किंवा लांब नळीचे तुकडे सोबत देणारे कॅरिअर घ्यावे.

बसवताना सर्व बोल्ट आधी नुसते हाताने धरतील इतके फिरवावेत. मग कॅरिअर जमिनीशी समांतर आणि मागून पाहता चाकाच्या बरोबर मधोमध आणावे, खालचे दोन बोल्ट घट्ट करावेत व शेवटी वरचे. एक बोल्ट आधीच पूर्ण आवळला तर बाकीची भोके जुळत नाहीत आणि मग माणूस कॅरिअर वाकवायला लागतो. पाच मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे पाच न्यूटन-मीटर एवढा आवळ पुरतो. ॲलन कीचा आखूड हात बोटांनी धरून ती थांबेपर्यंत फिरवणे असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. आट्यांना निळे बंधक द्रव्य लावावे, लाल लावू नये, कारण लालने बसवलेला बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या घेणार असाल, तर त्या इतक्या मागे अडकवाव्यात की पायडल मारताना टाच त्यांना लागणार नाही.

ओझ्यामुळे बॅटरी लवकर संपते, ही भीती बरीच वाढवून सांगितली जाते. दहा किलो सामान शंभर मीटर उंचीवर चढवायला २.७ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटारीतील नुकसान धरून चार म्हणू या. ३६ व्होल्ट, ७.६५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे २७५ वॉट-तास असतात, म्हणजे हा खर्च दीड टक्का झाला. टायरमध्ये हवा कमी असल्यास याहून अधिक जाते. ओझ्याचा खरा त्रास आहे तो तोलाचा: मोटार मागे, सामान मागे आणि माणूसही मागे, अशा सायकलचे पुढचे चाक चढावर हलके पडते. जड वस्तू पिशवीत तळाशी आणि पुढच्या अंगाला ठेवल्यास फरक लगेच जाणवतो.

मूल नेण्याचे आसन हा स्वतंत्र विषय असला तरी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. युरोपीय मानक ईएन १४३४४ मधील मागची आसने नऊ ते बावीस किलोंच्या मुलांसाठी असतात. त्यांना आधार सीटखालच्या उभ्या दांड्याचा किंवा तेवढ्या क्षमतेच्या कॅरिअरचाच हवा. पुढे, हँडलजवळ बसणारे आसन मात्र थ्रॉटल (फिरवून मोटार चालवण्याची मूठ) असलेल्या सायकलवर मी लावणार नाही, कारण तेथे मुलाचा हात नेमका थ्रॉटलवर पडतो.

मडगार्डच्या बाबतीत सीटखाली चिकटवायची आखूड पात दिसायला छान, पण पुण्या-मुंबईच्या पावसात ती शोभेचीच ठरते. चाकाला पूर्ण वळसा घालणारी, तारांच्या आधाराची मडगार्डेच घ्यावीत आणि पुढच्या मडगार्डला खाली रबरी झालर असलेली पाहावीत. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल सरळ बॅटरीच्या खाचेवर आणि पायडलजवळच्या संवेदकावर येतो, आणि ती झालर तो अडवते. टायर व मडगार्ड यांत सर्वत्र बोटभर, म्हणजे बारा-पंधरा मिलिमीटर अंतर ठेवावे. अंतर कमी असल्यास ओला मुरूम आत साचून चाक जखडते.

पुढे सस्पेन्शन असेल तर फोर्कच्या माथ्यावर, म्हणजे न हलणाऱ्या भागावर मडगार्ड बसवून भागत नाही. खड्ड्यात फोर्क दबतो, चाक वर येते आणि टायर मडगार्डवर आदळतो. अशा फोर्कसाठी चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या खालच्या नळ्यांवर बसणारे मडगार्ड घ्यावे. बसवल्यावर पुढचा ब्रेक दाबून धरून हँडलवर अंगाचा पूर्ण भार टाकावा आणि कुठे काही टेकते का ते पाहावे.

दिवे

दिव्यांसाठी दोन मार्ग आहेत: यूएसबीवर चार्ज होणारे स्वतंत्र दिवे, किंवा सायकलच्या बॅटरीवर चालणारे. पहिला मार्ग सोपा, स्वस्त व निर्धोक आहे, आणि ज्याला मल्टिमीटर हाताळायची सवय नाही त्याने तोच धरावा. पुढचा दिवा तीनशे-चारशे लुमेनचा पुरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असावा. टॉर्चसारखा गोल झोत समोरच्याचे डोळे दिपवतो आणि रस्त्यावरचा खड्डा मात्र दाखवत नाही.

सायकलच्या बॅटरीवर दिवा चालवण्याची सोय हवीच असेल, तर आधी नियंत्रकातून (मोटारीला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या पेटीतून) दिव्यासाठी वेगळा जोड बाहेर आला आहे का ते पाहावे. तो असल्यास डिस्प्लेवरचे बटण दाबून मल्टिमीटरने त्यावरील व्होल्ट मोजावेत. काही सायकलींवर तेथे ६ व्होल्ट येतात, तर काहींवर थेट बॅटरीचे. सहा व्होल्टचा दिवा दुसऱ्या प्रकारच्या जोडाला लावला की तो क्षणात जळतो. येथे आणखी एक फसगत आहे. '३६ व्होल्ट' हे बॅटरीचे नाव झाले; आत दहा घट एकापुढे एक असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२ प्रमाणे ४२ व्होल्ट भरतात. व्होल्ट उतरवण्यासाठी दुकानात दिले जाणारे छोटे निळे एलएम २५९६ मॉड्यूल ४० व्होल्टपर्यंतच सुरक्षित आहे. ते संध्याकाळी अर्ध्या बॅटरीवर तपासले तर व्यवस्थित चालते, आणि सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावताच धूर काढते. घ्यायचेच तर ६० व्होल्ट झेपणारे घ्यावे आणि बॅटरीकडच्या बाजूस एक अँपिअरचा फ्यूज टाकावा. सायकल वॉरंटीत असताना मूळ तार सोलून जोड काढू नये. वॉरंटी नाकारायला तेवढे कारण पुरते. वीज किती जाईल याची मात्र चिंता नको: तीन वॉटचा दिवा तासभर लावला तर २७५ पैकी तीन वॉट-तास जातात.

दिव्याचा कोन डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. अंधार पडल्यावर भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करावी, स्वतः सीटवर बसावे आणि दुसऱ्याला दिव्याच्या उंचीएवढी खूण भिंतीवर खडूने करायला सांगावे. झोताची वरची कड त्या खुणेच्या चार बोटे खाली आली की रस्ताही दिसतो व समोरच्यालाही त्रास होत नाही.

मागचा दिवा सीटखाली लावण्याची रीत आहे, पण कॅरिअरवर पिशवी किंवा लोंबणारा रेनकोट आला की तो झाकला जातो. चांगल्या कॅरिअरच्या मागच्या पट्टीला ५० किंवा ८० मिलिमीटर अंतराची दोन भोके असतात, ती दिव्यासाठीच. परावर्तक असलेला मागचा दिवा तेथे बसवला की सुरुवातीला सांगितलेली परावर्तकाची अटही त्याच जागी पुरी होते.

हँडलवरची गर्दी

आपल्याकडे वाहने उजवीकडून पुढे जातात, म्हणून आरसा उजव्या बाजूला हवा. नेमके तेथेच थ्रॉटल, ब्रेक आणि गिअरही असतात. हँडलच्या टोकात घुसवायचा आरसा घेतल्यास मुठीच्या टोकाचे रबर कापावे लागते. हे काम करताना बॅटरी काढून ठेवावी, आणि नंतर मूठ व थ्रॉटलची फिरती नळी यांत एक-दोन मिलिमीटरची फट राहील हे पाहावे. मूठ आत सरकून थ्रॉटलला टेकली तर तो फिरवल्यावर परत येत नाही, म्हणजे सोडूनही मोटार चालूच राहते. बॅटरी लावल्यावर मागचे चाक उचलून धरावे, थ्रॉटल देऊन सोडावा व चाकाचा जोर लगेच थांबतो का ते तपासावे. तसेच दोन्ही ब्रेकच्या दांड्या एकेक करून किंचित ओढून मोटार बंद पडते का, हेही पाहावे. ब्रेकच्या दांडीतून निघणारी बारीक तार मोटारीची वीज तोडण्यासाठी आहे. घंटी किंवा दिव्याचा पट्टा तिच्यावरून आवळला की ही सुरक्षा गुपचूप निकामी होते.

फोनचा धारक चार कोपऱ्यांनी धरणारा आणि खाली रबर असलेला घ्यावा. दीर्घकाळच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातील चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ साली मोटारसायकलींच्या संदर्भात दिली होती. सायकलचे हादरे त्या मानाने सौम्य असले तरी आपल्या रस्त्यांवर फोन खिशातच बरा, असे माझे मत आहे. पाण्याच्या बाटलीची जागा बॅटरीने घेतलेली असते; बाटलीधारक हँडलजवळ आडवा किंवा कॅरिअरच्या पायाला बसवावा, बॅटरीवर पट्टा आवळून नव्हे.

मागचे चाक पंक्चर झाल्यास

पंक्चर टाळण्याचे साहित्य दिसत नाही, म्हणून ते कोणी विकत घेत नाही; पण माझ्या मते सर्वांत आधी पैसे येथे घालावेत. साध्या सायकलचे मागचे चाक दोन मिनिटांत निघते, मोटारीचे निघत नाही, आणि रस्त्याकडेचा पंक्चरवाला तारा पाहूनच हात वर करतो. मागच्या ट्यूबमध्ये गळती बुजवणारे द्रव्य भरावे किंवा टायरच्या आतून जाड पट्टी लावावी. पट्टी लावल्यास तिच्या टोकांच्या धारदार कडा काचकागदाने घासून घ्याव्यात, नाहीतर तीच ट्यूब कापते.

तरीही पंक्चर झालेच, तर चाक न काढता काम होते हे लक्षात ठेवावे. सायकल उलटी करून हँडल व सीटवर ठेवावी, पण त्याआधी डिस्प्लेखाली कापडाच्या घड्या द्याव्यात. चेन नसलेल्या बाजूने टायर उचकटावा, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढावा, हवा भरून भोक शोधावे, ठिगळ लावावे आणि काटा टायरमध्ये अजून अडकलेला नाही ना, हे बोट जपून फिरवून पाहावे.

चाक काढणे अटळ असेल तेव्हा बॅटरी काढावी आणि मोटारीच्या तारेचा जोड सोडावा. या गोल जोडांच्या दोन्ही अर्ध्यांवर बाण असतात. ओढताना आणि लावताना सरळ रेषेत जोर द्यावा, पिळू नये, कारण पिळल्यास आतील बारीक पिना वाकतात. वायसरांचा क्रम काढण्यापूर्वी फोटोत घ्यावा. आसाचा नट बहुधा १८ मिलिमीटरच्या पान्याचा असतो आणि परत लावताना त्याला तीस ते चाळीस न्यूटन-मीटरचा आवळ लागतो. पंक्चरच्या पिशवीतल्या चिमुकल्या पान्याने तो येत नाही. सायकलवर लांब दांड्याचा एक पाना कायम बांधलेला असावा.

पावसाळ्याआधीची बांधाबांध

सर्व वस्तू बसल्यावर तारांकडे परत यावे. हँडलवरून खाली येणारी प्रत्येक तार जोडापाशी पोहोचण्यापूर्वी थोडी खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे. पाणी तारेवरून घरंगळत त्या झोक्याच्या तळाशी येते आणि तेथून टपकते, जोडात शिरत नाही. जोड चिकटपट्टीने गच्च गुंडाळू नयेत, कारण आत शिरलेले पाणी मग बाहेर पडत नाही. बॅटरीच्या पितळी टोकांना सिलिकॉनचे विद्युतरोधक ग्रीस बोटाने पुसट लावावे. केबल टाय घट्ट न आवळता तार आत हलेल इतपतच ओढावेत आणि त्यांची टोके सपाट कापावीत, नाहीतर पोटरीवर ओरखडे उठतात.

खोक्यावरील आयपीएक्स ४ याचा अर्थ कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे सोसेल एवढाच आहे. तुंबलेल्या भुयारी मार्गात आसापर्यंत पाणी असताना मोटार बुडालेली असते, आणि ते त्या आकड्यात बसत नाही. भिजून घरी आल्यावर बॅटरी काढून पुसावी, तासभर कोरडी होऊ द्यावी आणि मगच चार्जरला लावावी.

कुलूप घेताना फ्रेम आणि मागचे चाक दोन्ही एकत्र कवेत येतील अशी साखळी किंवा यू आकाराचे कुलूप घ्यावे, कारण चोराच्या दृष्टीने मोटारीचे चाक हाच किमती भाग आहे. बॅटरीचे स्वतःचे कुलूप नावापुरते असते, त्यामुळे लांब मुक्कामाला ती सोबत न्यावी.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चार व पाचची ॲलन की घेऊन सर्व बोल्ट एकदा तपासावेत. माझ्या सायकलवर दर वेळी सैल सापडतो तो कॅरिअरचा उजवा खालचा बोल्ट. तो घट्ट केल्यावर मी त्याच्या डोक्यावरून फ्रेमवर येईल अशी नखपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. सकाळी निघताना ती रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे हे वाकून न पाहताही कळते.